अनोळखी सोसायटीला पहिला फोन: पुण्यातील छोट्या सेवा व्यवसायासाठी सविस्तर मार्गदर्शन

गृहनिर्माण सोसायटीचा सचिव अनोळखी माणसाला फोनवर काम देत नाही, कारण ते देणे त्याच्या एकट्याच्या हातात नसते. खर्च कमिटीसमोर ठेवावा लागतो, दोन-तीन कोटेशने मागवावी लागतात, खजिनदार मागच्या वेळचे बिल काढून बघतो, आणि कमिटीतील एखादे ज्येष्ठ सभासद "आत्ता काय एवढी घाई आहे?" असे म्हणून विषय पुढच्या बैठकीवर ढकलतात. सिंहगड रस्ता, कर्वेनगर आणि वारजे या भागांत सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुण्याचा व्यवसाय सुरू केला तेव्हा पहिले वर्षभर ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. सकाळी यादी घेऊन बसायचे, नंबर लावायचा आणि पलीकडून "हॅलो" ऐकू येताच दर सांगायला लागायचे, असा माझा क्रम होता. लोक फोन ठेवून देत आणि मला वाटे की आपल्या बोलण्यात जोर कमी पडतो आहे.

जोर भरपूर होता, मागणी चुकीची होती. सचिव स्वतःच्या अधिकारात जे देऊ शकतो तेवढेच फोनवर मागायचे असते, आणि ते म्हणजे टाकी बघण्यासाठी पंधरा मिनिटे व कमिटीची पुढची बैठक कधी आहे याची माहिती. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या दोन गोष्टी पदरात पाडून घेण्यासाठी आहे. उदाहरणे टाक्यांची आहेत, कारण मला तेच काम येते. परंतु पेस्ट कंट्रोल, सीसीटीव्हीची देखभाल, हाउसकीपिंग किंवा बागकाम करणाऱ्यांनाही पद्धत फारशी बदलावी लागणार नाही.

नियम आधी समजून घ्यावेत

ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, 2018 च्या नियमावलीनुसार विक्रीसाठी केलेला फोन हा व्यावसायिक संपर्क ठरतो. असे फोन करणाऱ्याने टेलिकॉम कंपनीकडे नोंदणी करून 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून ते करायचे असतात आणि ज्यांनी 1909 वर डीएनडी, म्हणजे प्रचाराचे फोन नकोत असे, नोंदवले आहे त्यांच्या इच्छेचा मान राखायचा असतो. आपल्या नेहमीच्या दहा आकडी मोबाइलवरून अनोळखी लोकांना सरसकट प्रचाराचे फोन करणे या नियमांत बसत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर हे अधिकच कडक झाले आहे. एखाद्या नोंदणी नसलेल्या क्रमांकाविरुद्ध 10 दिवसांत 5 तक्रारी आल्या तरी कारवाई होऊ शकते. पहिल्या वेळी 15 दिवस आउटगोइंग बंद होते आणि पुन्हा तसेच घडल्यास सर्व कंपन्यांकडील जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. जो नंबर टेम्पोच्या मागे, लेटरहेडवर आणि शे-दीडशे जुन्या ग्राहकांच्या मोबाइलमध्ये आहे तो पंधरा दिवस बंद पडणे म्हणजे काय, हे छोट्या व्यावसायिकाला सांगण्याची गरज नाही.

रोज शेकडो फोन करायचे असतील तर नोंदणीचा मार्गच धरावा आणि त्याबद्दल आपल्या टेलिकॉम कंपनीकडे चौकशी करावी. दिवसाला दहा-पंधरा फोन करणाऱ्यासाठी दुसरा मार्ग आहे, आणि माझ्या मते तोच अधिक फायद्याचा आहे: आधी चिठ्ठी द्यावी, समोरच्याने "फोन करा" असे कळवले तरच फोन करावा. कोणी म्हणेल, मग हा कोल्ड कॉल, म्हणजे अनोळखी माणसाला अचानक केलेला फोन, कसला? हवे तर कोमट म्हणा. माणूस अनोळखीच असतो, त्याने आपले काम पाहिलेले नसते आणि तो तितक्याच सहजपणे नाही म्हणू शकतो. फक्त फोन वाजल्यावर तो दचकत नाही.

बाजारात "डेटा" या नावाने विकत मिळणाऱ्या सोसायट्यांच्या याद्यांपासून दूर राहावे. लोकांची वैयक्तिक माहिती त्यांच्या संमतीशिवाय वापरण्याबाबत 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, हे एक कारण झाले. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. सोसायटीची कमिटी बदलते, फ्लॅट विकले जातात, आणि यादीतील "चेअरमन" दोन वर्षांपूर्वीच मुलाकडे बंगळूरला राहायला गेलेले असतात. अशी एक यादी मीही हौसेने घेतली होती आणि तिच्यातील तिसरा फोन एका दंतवैद्याच्या दवाखान्यात लागला होता.

यादी पायी फिरून करावी

ज्या सोसायटीचे काम नुकतेच पूर्ण झाले आहे तिच्या आजूबाजूच्या दहा इमारती, एवढीच सुरुवातीची यादी असावी. यामागे हिशेब आहे. त्या इमारतींना पाणी त्याच वाहिनीतून येते, त्याच वेळी येते आणि गढूळ आले तर सगळ्यांकडेच गढूळ येते. शिवाय आपला टेम्पो आणि जेट मशीन त्या गल्लीत दिवसभर उभे असलेले लोकांनी पाहिलेले असते. धायरीत काम करून लगेच खराडीतील सोसायटीला फोन लावला तर यातले काहीच उपयोगी पडत नाही आणि काम मिळालेच तर निम्मा नफा डिझेलमध्ये जातो.

गेटपाशी उभे राहून पाच मिनिटांत बरेच कळते: मजले किती, गच्चीवर काँक्रीटची टाकी आहे की काळ्या प्लास्टिकच्या टाक्यांची रांग, आवारात टँकर येतो का, ऑफिसच्या पाटीवर लँडलाइन नंबर आहे का. मात्र सगळ्यात मोलाची माहिती वॉचमनकडे असते, आणि ती मिळवण्यासाठी "सचिव कोण आहेत?" असे विचारून उपयोग नाही. "पाण्याचं कोण बघतं?" असे विचारावे. जवळजवळ प्रत्येक जुन्या सोसायटीत असा एक माणूस असतो, जो कमिटीवर असेलच असे नाही. तो दुसऱ्या मजल्यावरचा निवृत्त इंजिनिअर असतो, सकाळी सहाला मोटर चालू झाली की नाही हे गॅलरीतून बघतो, टाकी भरून वाहू लागली की खाली येऊन ओरडतो, आणि टाकी कधी धुवायची हे सचिव त्यालाच विचारून ठरवतो. चिठ्ठी त्याच्या हातात पडली पाहिजे.

बाणेर, वाकड, खराडी या भागांतील मोठ्या संकुलांत हे चालत नाही. तिथे गेटवरच्या अ‍ॅपमध्ये नोंद झाल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि निर्णयाची पहिली पायरी म्हणजे पगारी मॅनेजर असतो. तिथे ऑफिसच्या नंबरवर फोन करून फक्त दोन गोष्टी विचाराव्यात: टाक्यांच्या कामाचे पत्र कोणाच्या नावे द्यायचे आणि ते कोणत्या ईमेलवर पाठवायचे. त्या फोनवर विक्रीचा एक शब्दही काढू नये. मॅनेजरला दिवसभर सगळेच काहीतरी विकत असतात. पत्राचा पत्ता विचारून फोन ठेवणारा माणूस त्याच्या लक्षात राहतो.

चिठ्ठी अर्ध्या पानाची पुरे. वर आपले नाव व काम, मग "आपल्या शेजारच्या अमुक सोसायटीच्या टाक्या आम्ही गेल्या मंगळवारी धुतल्या" हे एक वाक्य (त्या सोसायटीची परवानगी घेऊनच), आणि खाली नाव, फोन नंबर व सोयीची वेळ लिहिण्यासाठी तीन रेघा. भरलेली चिठ्ठी वॉचमनकडे ठेवावी अशी विनंती करावी आणि तीन दिवसांनी स्वतः जाऊन विचारावे. बहुतेक चिठ्ठ्या परत येणार नाहीत. ज्या येतात त्यांच्यावरची सोयीची वेळ वाचूनच माणूस कसा आहे याचा अंदाज येतो, "सकाळी 10.40 ते 11.15" असे लिहिणाऱ्याला दहा एकेचाळीसला फोन करावा.

वेळ आणि वार

दुपारी एक ते चार या वेळेत पुण्यात कोणाला फोन करू नये, यावर मी काही लिहिले नाही तरी चालेल. पेठांमध्ये, कोथरूडला किंवा सहकारनगरला कमिटीवर निवृत्त मंडळी अधिक असतात. त्यांच्यासाठी साडेदहा ते साडेबारा ही वेळ उत्तम असते, कारण पेपर वाचून झालेला असतो आणि जेवणाला अवकाश असतो. नोकरी करणारे सचिव शनिवारी सकाळी मोकळे सापडतात. रविवारी सकाळी बहुधा कमिटीची बैठकच असते, म्हणून त्या दिवशी फोन न करता शनिवारी दुपारपर्यंत कोटेशन त्यांच्या हातात पडेल असे पाहावे.

वर्षाचे गणित याहून महत्त्वाचे आहे. सोसायटीचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कमिटी हिशेब, लेखापरीक्षण आणि सभेची सूचना यांत गुंतलेली असते, त्यातच गणपती येतात, आणि "सभा होऊन जाऊ द्या" हे उत्तर त्या दिवसांत अगदी खरे असते. नवी कमिटी आली असेल तर ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे सोन्यासारखे असतात, कारण नव्या माणसांना दिवाळीआधी काहीतरी दिसेल असे काम करून दाखवायचे असते. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात निम्मी कमिटी गावाला गेलेली असते, तेव्हा तो हंगाम एप्रिलमध्येच गाठावा. जुलैत नळाला गढूळ पाणी आले की फोन आपल्याला येतात; त्या वेळी नवे फोन करण्यापेक्षा आलेले उचलावेत.

पहिली वीस सेकंदे

माझ्या पहिल्या वर्षाच्या फोनची सुरुवात अशी असे: "नमस्कार सर, कसे आहात? आम्ही टँक क्लीनिंगची सर्व्हिस देतो, दोन मिनिटं बोलू शकतो का?" यात तीन चुका आहेत. अनोळखी माणसाने "कसे आहात" विचारले की पुणेकर लगेच सावध होतो. "आम्ही देतो" या शब्दांनी फोन विक्रीचा आहे हे कळते, पण तो याच माणसाला का केला हे कळत नाही. आणि "बोलू शकतो का" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर इतके सोपे आहे की देणाऱ्याला विचारही करावा लागत नाही.

आता सुरुवात अशी करतो:

"नमस्कार काका, मी धायरीहून बोलतोय, टाक्या धुण्याचं काम करतो. मंगळवारी तुमच्या शेजारच्या सोसायटीत आमची गाडी होती. तुम्ही चिठ्ठीवर सकाळची वेळ लिहून दिली होती, म्हणून फोन केला."

इथे थांबावे. हे थांबणे शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. तीन-चार सेकंदांची शांतता फोन करणाऱ्याला असह्य होते आणि तो ती दराने, सवलतीने किंवा मशीनच्या वर्णनाने भरून टाकतो. ती समोरच्याला भरू द्यावी. "हां, ती पिवळी गाडी तुमची होय? वॉचमन म्हणत होता," असे काहीतरी तिकडून येते आणि मग बोलणे आपोआप सुरू होते.

संबोधन ऐकून ठरवावे. आवाज वयस्कर असेल आणि मराठी असेल तर काका किंवा काकू चालते. बँकेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या अनेकांना "साहेब" अधिक बरे वाटते. खराडी-विमाननगरला सर आणि मॅडम याखेरीज काही म्हणू नये. समोरून हिंदी आले तर हिंदीत बोलावे, मात्र सुरुवात मराठीत करण्यास हरकत नसते. गाडीतून किंवा रस्त्यावरून फोन करू नये. मागून येणारे रिक्षाचे हॉर्न ऐकून पलीकडचा माणूस आपल्याला फिरता विक्रेता समजतो. मी घरातल्या मागच्या खोलीत उभा राहून फोन करतो. उभे राहिल्याने आवाज मोकळा येतो आणि बोलणेही आटोपशीर राहते.

एका मोहापासून मात्र सावध राहावे. जानेवारी 2025 मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी आणि सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले आणि दूषित पाण्याची चर्चा घरोघरी सुरू झाली, तेव्हा आमच्या धंद्यातील अनेकांनी फोनवर भीती विकली. कामे मिळाली, हे खरे आहे. पण टाकी धुतल्याने वाहिनीतून येणारे पाणी शुद्ध होत नाही. त्यासाठी क्लोरिनचे प्रमाण आणि पाण्याची तपासणी लागते, आणि हे ज्या सचिवाला नंतर कळले त्याने त्या माणसाला पुन्हा बोलावले नाही. टाकीत साचलेला गाळ, झाकणाची फट, भिंतीवरचे शेवाळ याबद्दल बोलावे. जे आपण खरोखर काढतो तेच सांगावे.

जो प्रश्न विचारल्यावर फोनचा सूर बदलतो

सुरुवातीनंतरचा माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" हा प्रश्न मी एका फजितीतून शिकलो.

कर्वेनगरातील एका सोसायटीचे काम फोनवरूनच जुळले होते आणि मी उत्साहाच्या भरात त्यांना बुधवार दिला. जमिनीखालची टाकी बुधवारी सकाळी रिकामी केली, गाळ काढला, जेटने भिंती धुतल्या, दुपारपर्यंत सगळे चकचकीत झाले. संध्याकाळी थोडे पाणी आले आणि रात्रीपर्यंत लोकांनी ते संपवले. गुरुवारी महापालिकेने देखभालीसाठी पाणी बंद ठेवले होते. पेपरात ते नेहमीच्या भाषेत छापूनही आले होते, की शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. मी ते वाचले नव्हते. सोसायटीला टँकर मागवावे लागले, सचिवांना शेजाऱ्यांची बोलणी खावी लागली आणि त्यांनी माझे बिल एका शब्दानेही वाद न घालता चुकते केले, जे मला भांडणापेक्षा जास्त लागले. त्या सोसायटीत मला पुन्हा काम मिळाले नाही.

तेव्हापासून पाण्याची वेळ, टाकी किती लिटरची आणि गुरुवारच्या बंदचा त्यांना त्रास होतो का, हे तीन प्रश्न मी पहिल्याच फोनवर विचारतो. त्यांचा उपयोग नियोजनापुरता नाही. हे प्रश्न ऐकले की समोरच्या माणसाला कळते की याला काम माहीत आहे, आणि तो सांगायला लागतो: पाणी पहाटे साडेचारला येते, दोन तास राहते, वरच्या टाकीला गळती आहे, मागच्या माणसाने झाकण नीट बसवले नाही. आपण बोलत होतो तोवर तो ऐकत होता. आता तो बोलतो आहे आणि आपण लिहून घेतो आहोत. प्रत्येक व्यवसायात असा एक प्रश्न असतो. पेस्ट कंट्रोलवाल्यासाठी तो कदाचित "डक्ट कोणत्या बाजूला उघडते?" असेल. तो शोधण्यासाठी स्वतःची जुनी फजिती आठवावी.

त्यानंतर मागणी करावी, आणि ती वेळेसह करावी: "शनिवारी अकराला येऊन टाकी बघून जाऊ का? झाकण उघडून फोटो काढतो आणि तुम्हाला देतो. काम द्यायचं की नाही ते कमिटी ठरवेल." शेवटचे वाक्य वगळू नये. सचिवाच्या खांद्यावरचे ओझे त्यानेच उतरते.

नकार ऐकण्याची पद्धत

"किती घेता?" हा प्रश्न पुण्यात पहिल्या मिनिटातच येतो. विक्रीचे धडे देणारे लोक दर लपवायला सांगतात, आणि मला हे अजिबात पटत नाही. दर टाळणाऱ्याला पुणेकर लबाड समजतो आणि ते बरेचदा बरोबर असते. टाकीचे लिटर कळले असतील तर आपला कमीत कमी दर सांगावा, तो कशामुळे वाढतो तेही सांगावे (गाळ जास्त असणे, टाकीत उतरायला शिडी नसणे, गच्चीपर्यंत लिफ्ट नसणे), आणि नेमका आकडा टाकी बघून लेखी देतो असे म्हणावे.

"आमचा माणूस ठरलेला आहे" हा नकार मला सर्वांत आवडतो, कारण इथे काम नियमित होते हे त्यातून कळते. त्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. "चांगलं आहे, मग शेवटचं कधी झालं?" एवढेच विचारावे. उत्तर "दिवाळीत" असे आले आणि बोलणे जूनमध्ये चालले असेल, तर सहा महिने उलटून गेले आहेत हे त्यांचे त्यांनाच ऐकू येते. आपण फक्त तारीख वहीत लिहावी.

"व्हॉट्सअ‍ॅप करा" याचा अर्थ बहुतेक वेळा फोन ठेवा असा असतो. तरीही पाठवावे, पण आधी विचारावे की कमिटीला दाखवायला काय उपयोगी पडेल, फोटो की दरपत्रक. जो उत्तर देतो त्याला खरोखर हवे असते. "नंबर कुठून मिळाला?" या प्रश्नाला जिथून मिळाला तेच सांगावे, माफी मागावी लागली तर मागावी, आणि "पुन्हा करू नका" असे म्हटल्यास त्याच क्षणी नाव काढून टाकावे. आवाज चढलेल्या माणसाशी बोलणे लांबवून आजवर कोणालाच काम मिळालेले नाही; तक्रार मात्र मिळते, आणि ट्रूकॉलरवर चार जणांनी स्पॅम असा शिक्का मारला की पुढच्या चाळीस जणांना आपले नाव लाल रंगात दिसते. नवे सिम घेऊन हा शिक्का चुकवण्याचा प्रयत्न करू नये. जुने ग्राहक त्या नंबरावर आपल्याला शोधत असतात.

फोननंतरची दहा मिनिटे

फोन ठेवल्यावर लगेच, दुसरा नंबर लावण्याआधी, तीन ओळींचा संदेश जावा: कोण बोलले, काय ठरले, शनिवारी किती वाजता येणार. जाहिरातीची रंगीत पत्रके तेव्हा पाठवू नयेत. कोटेशन टाकी बघून आल्यावर त्याच दिवशी द्यावे आणि ते कमिटीच्या बैठकीत फिरणार आहे हे लक्षात ठेवून लिहावे. "प्रति, मा. सचिव" याखाली सोसायटीचे नाव "सहकारी गृहरचना संस्था मर्यादित" यासह पूर्ण असावे, विषय स्पष्ट असावा, टाकीनिहाय लिटर आणि दर वेगळे असावेत, आणि पाणी किती तास बंद राहील हे ठळक असावे. पीडीएफच्या नावातही त्या सोसायटीचे नाव घालावे. सचिवाच्या मोबाइलमध्ये "कोटेशन फायनल 2" नावाच्या पाच फायली आधीच असतात. त्यांच्याच टाकीचा झाकण उघडल्यावरचा फोटो सोबत जोडला, तर आपण बैठकीत नसतानाही आपल्या वतीने तो बोलतो.

वही

माझ्याकडे दोनशे पानी आखीव वही आहे. संगणकावर ठेवली तरी चालेल, पण रकाने हेच असावेत: तारीख, वेळ, सोसायटी, फ्लॅट किती, कोण बोलले, पुढची तारीख, आणि एक मोठा रकाना त्यांच्या शब्दांसाठी. त्यांच्याच शब्दांत लिहायचे, आपल्या शब्दांत नाही. "इच्छुक नाही" अशी नोंद सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही. त्याऐवजी अशी नोंद पाहा: "माणूस ठरलेला. पण बोलावलं की आठ दिवसांनी येतो. ऑक्टोबरात कमिटी बदलणार. मुलीचं लग्न मे मध्ये." ऑक्टोबरमध्ये या माणसाला फोन करताना सुरुवात काय करायची हे निराळे शोधावे लागत नाही, कमिटी बदलली का, एवढे विचारले की तो स्वतःच म्हणतो, "अहो, तुम्हाला कसं माहीत?"

वहीचा दुसरा उपयोग मोजण्यासाठी आहे. समजा 60 फोन केले. त्यांपैकी 40 उचलले गेले, 20 ठिकाणी पाण्याचे बघणारा योग्य माणूस बोलला, 6 ठिकाणी टाकी बघायला बोलावले, 6 कोटेशने गेली आणि 1 काम मिळाले. या आकड्यांकडे बघून "फोनचा काही उपयोग नाही" असे म्हणणारा माणूस नेमकी गळती कुठे आहे हे बघत नाही. फोन उचललेच जात नसतील तर वेळ किंवा नंबरावरचा शिक्का बिघडला आहे. उचलले जातात पण योग्य माणूस सापडत नाही, तर यादी कच्ची आहे आणि वॉचमनशी पुन्हा बोलायला हवे. योग्य माणूस बोलतो पण टाकी बघायला बोलावत नाही, तर पहिली वीस सेकंदे आणि तो प्रश्न तपासावा. आणि वरच्या उदाहरणात सहा कोटेशनांतून एकच काम आले, हा दोष फोनचा नाहीच. तो दराचा, कोटेशनच्या मांडणीचा किंवा बैठकीनंतर विचारपूस न केल्याचा आहे. मी स्वतः सहा महिने बोलण्याची पद्धत बदलत बसलो होतो आणि गळती कोटेशननंतरच्या टप्प्यावर होती. बैठक रविवारी असेल तर मंगळवारी सकाळी एक फोन करावा, निकाल विचारावा, काम दुसऱ्याला गेले असेल तर किती फरकाने गेले हेही विचारावे. लोक सांगतात.

बदल करताना एका वेळी एकच करावा आणि त्यावर किमान पन्नास फोन होऊ द्यावेत. सोमवारी वेळ बदलली, मंगळवारी सुरुवातीचे वाक्य बदलले आणि बुधवारी काम मिळाले, तर श्रेय कशाला द्यायचे हे कळत नाही.

फोन दुसऱ्याकडे सोपवताना

पहिले काही महिने मालकाने स्वतः फोन करावेत, कारण लोक काय विचारतात हे नोकराकडून ऐकून समजत नाही. आमच्याकडे आता हे काम वहिनी पाहते. तिच्या हाती दिले तेव्हा मी लिहून ठेवलेले संवादाचे कागद तिने दोन दिवसांत बाजूला ठेवले आणि जुनी वही आठवडाभर वाचत बसली. मग तिने पहिला फोन केला. तिच्याशी कमिटीतल्या बायका मोकळेपणाने बोलतात, विशेषतः स्वयंपाकघरातल्या नळाला वास येतो वगैरे गोष्टी, ज्या मला कोणी कधी सांगितल्या नव्हत्या. दिवसाला पंधरा फोन, तेही दोन बैठकांत, एवढी मर्यादा तिनेच ठरवली. त्यापुढे आवाजात कंटाळा येतो आणि तो पलीकडे ऐकू जातो, असे तिचे म्हणणे आहे.

नावे खोडण्याचा नियमही तिचाच आहे. ज्याने नको म्हटले त्याचे नाव त्याच दिवशी. ज्याने तीन वेळा स्वतः दिलेल्या वेळी फोन उचलला नाही त्याचे नाव तिसऱ्या वेळेनंतर. आणि ज्या सोसायटीने कोटेशन घेऊन काम दुसऱ्याला दिले तिचे नाव खोडायचे नाही; तिच्यासमोर सहा महिन्यांनंतरची तारीख घालायची, गुरुवार सोडून.